अठरा सप्टेंबरचा पाऊस

"थांबा," मी म्हणाले. "साडेआठ व्हायचेत."

तारेच्या कुंपणाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं. "आठ वीस. दहा मिनिटांनी असा काय फरक पडतो?"

"पडतो."

त्या हसल्या. साठीच्या असतील. पांढरी सुती साडी, खांद्याला रेक्झिनची फुगलेली पिशवी, पायांत पुरुषी चपला. फाटकाबाहेरच्या दगडावर त्या बसल्या आणि पिशवीतून शेंगा काढून फोडू लागल्या. त्यांच्याबरोबर आणखी एक बाई होती, तीस-बत्तीसची, सडपातळ, डोक्यावर घट्ट पदर. ती दूर, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. आमच्या पहारेकऱ्याने तिला तिथेच अडवलं होतं. मी त्याला हटकलं नाही.

ही जानेवारी १९९८ मधली गोष्ट. बालाघाटच्या डोंगररांगेत आमचं लहानसं कृषी संशोधन केंद्र होतं. केंद्राची हवामान वेधशाळा म्हणजे दहा गुंठ्यांचं कुंपण. आत पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी, पर्जन्यमापक, बाष्पीभवनाचं पसरट भांडं आणि एका खांबावर काचेचा भरीव गोळा. गोळ्यामागे रोज एक नवं कार्ड लावायचं. ऊन असलं की गोळ्यातून ते कार्डावर एकवटतं आणि कार्ड करपत जातं. संध्याकाळी कार्ड काढलं की करपलेल्या रेघेवरून दिवसभरात ऊन कधी होतं, कधी नव्हतं, ते कळतं. हे सगळं मी नऊ वर्षं बघत होते. आजारपणाचे अकरा दिवस सोडले तर एकही नोंद चुकली नव्हती.

साडेआठला मी पर्जन्यमापकाचं झाकण काढलं. आत काही नव्हतं, तरी रिकामी बाटली मोजपात्रात उलटी केली. रजिस्टरमध्ये तारीख घालून शून्य दशांश शून्य लिहिलं.

"जानेवारीत पाऊस मोजता?" फाटकाकडून आवाज आला.

"न मोजता शून्य लिहिता येत नाही."

त्यांनी शेंगांची टरफलं झटकली आणि उठल्या. "तुम्हीच हव्यात मला. मी सुशीला वाव्हळ. वकिली करते."

नाव मी पेपरात वाचलं होतं. जिल्ह्यात कुठे कोठडीत माणूस मेला, की तिसऱ्या दिवशी वाव्हळ वकीलबाई एसटीने तिथे पोचतात, असं लोक म्हणत. काही जण कौतुकाने म्हणत, काही वैतागून. सरकारविरुद्ध सत्तावीस वर्षं त्या दावे लढत होत्या. आमच्या कार्यालयातले कारकून त्यांना 'शासन विरुद्ध बाई' म्हणत.

"आणि त्या?" मी रस्त्याकडे पाहून विचारलं.

"झिंगाबाई काळे. घारीच्या कड्याखाली पारध्यांची पालं आहेत, तिथली. हिचा नवरा सुकमल. सप्टेंबरात कड्याखाली मेलेला सापडला. तुम्ही ऐकलं असेल."

ऐकलं होतं. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला सोळा तारखेला पालावरून नेलं. एकोणीसच्या सकाळी त्याचं प्रेत कड्याच्या पायथ्याशी मिळालं. पोलिसांचं म्हणणं असं, की अठराच्या संध्याकाळी सात वाजता, लपवलेला माल दाखवतो म्हणून त्यानेच त्यांना कड्यावर नेलं, धो धो पावसाचा फायदा घेऊन हाताला हिसडा दिला, पळाला आणि ओल्या खडकावरून घसरून खाली गेला.

माझ्या खोलीत आल्यावर वकीलबाईंनी पिशवीतून कागद काढले. "पाच पोलिसांचे जबाब. पाचही जण म्हणतात, मुसळधार पाऊस होता, समोरचं दिसत नव्हतं, आम्ही चिंब भिजलो. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जिल्हा न्यायाधीश चौकशी करताहेत. पुढच्या महिन्यात हे पाचही जण शपथेवर हेच सांगतील. आता मला सांगा, अठरा सप्टेंबरला पाऊस होता का?"

मी रजिस्टर काढलं. पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. अठरा तारखेसमोर माझ्याच अक्षरात होतं: ६२.४ मिमी.

वकीलबाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे होता."

"नव्हता," मी म्हणाले.

"अहो, इथे लिहिलंय!"

"हा सतराचा पाऊस आहे."

 मी समजावून सांगितलं. पाऊस आम्ही दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला मोजतो. आदल्या सकाळपासूनच्या चोवीस तासांत जो पडला तो, आणि तारीख घालतो मोजल्याची. देशभर सगळीकडे हीच रीत. सतरा तारखेला संध्याकाळी पाच ते आठ वादळी पाऊस झाला. तो मी अठराच्या सकाळी मोजला, अठराच्या नावावर लिहिला. अठराला त्यानंतर पडला असता, तर तो एकोणीसच्या रकान्यात आला असता.

त्यांनी बोट खाली सरकवलं. एकोणीससमोर होतं: ०.०.

मी कपाटातून सप्टेंबरच्या कार्डांची जुडी काढली, दोरा सोडला, अठराचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. सकाळी सातपासून संध्याकाळी पाच चाळीसपर्यंत न तुटलेली करपट रेघ.

वकीलबाईंनी ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे त्यांना पाऊस हवा होता, आणि तो त्यांनी तुमच्या वहीतून घेतला!"

"वकीलबाई, एक आहे. कडा इथून सहा किलोमीटरवर आहे. तिथे पाऊस नव्हता, असं मी सांगू शकणार नाही. इथे नव्हता, एवढंच."

"नका सांगू. मला तरी कुठे हवंय? तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा, वर तोळाभरही नको."

मग मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी चार महिने मनात घेऊन फिरत होते आणि त्या दिवसापर्यंत ती माझी चूक आहे, असंच मला वाटत होतं. ऐकता ऐकता त्यांनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे अजून कोणाला बोललात?"

"नाही. मी केंद्रप्रमुखांना पत्र लिहून खुलासा करणार होते."

"आता लिहू नका. मी कोर्टात याबद्दल एक अक्षर विचारणार नाही. समोरच्यांनी विचारलं, तर घडलं तसं सांगा."

"आणि त्यांनी विचारलंच नाही तर?"

"विचारतील." त्या उठल्या. "सरकारी वकिलाच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद असला, की तो दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही. सत्तावीस वर्षं बघतेय मी."

कोर्टाचं समन्स आलं त्याच दुपारी केंद्रप्रमुख डॉक्टर हंबर्डेंनी मला बोलावलं. समोर चहा ठेवला. ते कधी कोणाला चहा विचारत नसत.

"डोईफोडे मॅडम, तुम्ही शास्त्राचं माणूस. या भानगडीत कशाला पडता?"

"समन्स आहे, सर."

"ते आहे हो. जा की. पण मला सांगा, एकोणीसच्या रकान्यात शून्य आहे. शून्य म्हणजे अगदी शून्य? चार थेंब पडले, मोजण्याइतके नव्हते, असं होतं की नाही? त्याला आपण 'अल्प' लिहितो. मग 'अल्प' असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"पडले असते तर लिहिलं असतं."

"अजून लिहिता येईल. पेन्सिलनेच तर आहे."

मी चहाला हात लावला नव्हता. "सर, त्या दिवसाचा आकडा त्याच सकाळी पुण्याला हवामान खात्याकडे गेलाय. तिथे शून्यच राहील. मग माझ्या वहीत खोडलेलं दिसेल, आणि का खोडलं, कोणी सांगितलं, हेही कोर्ट विचारेल."

त्यांचा चेहरा बदलला. "तुम्ही एकट्या राहता. विद्यापीठाची केंद्रं कुठे कुठे आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. बदली कुठेही होऊ शकते."

"तिथे पर्जन्यमापक असेल ना, सर?"

"असेल. का?"

"मग काही प्रश्न नाही."

मी बाहेर आले. खोलीत जाऊन मी रजिस्टर, कार्डांची जुडी आणि कपाटाची किल्ली पिशवीत घातली. ती पिशवी साक्षीच्या दिवसापर्यंत मी उशाशी ठेवून झोपले.

साक्ष मार्चमध्ये झाली. तोवर पाचही पोलिसांनी शपथेवर पाऊस सांगितला होता. त्यांच्या आधी, पहिली साक्षीदार म्हणून, वकीलबाईंनी झिंगाबाईला उभं केलं होतं. मी तेव्हा कोर्टात नव्हते. नंतर कळलं, की ती म्हणाली, अठराच्या संध्याकाळी पाऊस नव्हता आणि कड्यावर कोणी आलंच नाही. सरकारी वकील मुखेडकरांनी तिला विचारलं, "कॅलेंडर वाचता येतं का तुला?" लोक हसले. ती म्हणाली, "मानूस गेल्याचा दिस कॅलेंडरात बगावा लागत न्हाई, सायेब." तेव्हा हसणं थांबलं, पण तिची साक्ष कोणी फारशी मनावर घेतली नाही.

माझी सरतपासणी वकीलबाईंनी पंधरा मिनिटांत उरकली. रीत, सतराचा पाऊस, एकोणीसचं शून्य, करपलेलं कार्ड. न्यायाधीशांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि काचेचा गोळा केवढा असतो, ते विचारलं. मी हातांनी दाखवलं.

मुखेडकर उठले. उंच, गोरे, आवाज गोड.

"मॅडम, घारीचा कडा तुमच्या केंद्रापासून किती लांब?"

"सरळ रेषेत सहा किलोमीटर."

"डोंगराळ भाग. सहा किलोमीटरवर धो धो पाऊस आणि तुमच्याकडे थेंब नाही, असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं."

"झालेलं आहे कधी?"

"पुष्कळदा."

"म्हणजे अठरा सप्टेंबरच्या संध्याकाळी कड्यावर पाऊस नव्हता, असं तुम्ही शपथेवर सांगू शकता?"

"नाही."

कोर्टात कुजबुज झाली. मागच्या बाकावर पाचही पोलीस ओळीने बसले होते. त्यांतला एक शेजाऱ्याच्या कानाशी लागला आणि दोघं हसले. भिंतीशी उभी झिंगाबाई माझ्याकडे एकटक बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होत्या.

मुखेडकर तिथे थांबले असते, तर माझी साक्ष तिथेच संपली असती. पण ते थांबले नाहीत. त्यांनी फाईलमधून एक कागद काढला.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"मोठ्याने वाचा."

मी वाचलं. "'केंद्राच्या वेधशाळेत दिनांक १८ सप्टेंबर १९९७ रोजी नोंदलेला पाऊस ६२.४ मिलीमीटर.'"

"पोलिसांना दिलेला दाखला. हा आकडा खोटा आहे?"

"नाही. बरोबर आहे."

"वा! म्हणजे तेव्हा अठराला पाऊस, आणि आज या वकीलबाईंनी बोलावल्यावर पाऊस गायब?"

"'नोंदलेला' लिहिलंय, साहेब. 'पडलेला' नाही. रीत मी मघाशी सांगितली."

"मग ती रीत दाखला देताना पोलिसांना का नाही सांगितली?"

"त्यांनी विचारली नाही. मी विचारलं तेवढंच सांगते. ती चूक झाली माझी."

"असं?" ते न्यायाधीशांकडे वळून हसले. "मग त्यांनी नेमकं विचारलं तरी काय होतं?"

वकीलबाईंचा हात चपलेवरून निघाला.

"त्यांनी विचारलं," मी म्हणाले, "'मॅडम, अठरा तारखेला इकडं पाऊस झाला का?'"

 मग न्यायाधीशांनी मान वर केली. "कोणी विचारलं?"

"निंबाळे हवालदारांनी. ते तिथे बसलेत, डावीकडून दुसरे."

"कधी?"

"दाखल्यावर वेळ आहे, साहेब. मी नेहमी लिहिते. एकोणीस सप्टेंबर, दुपारी बारा दहा."

न्यायाधीशांनी दाखला मागून घेतला. मग चौकशीची फाईल मागे उलटत नेली आणि एका पानावर थांबले. त्यांनी ते मोठ्याने वाचलं नाही, पण ओठ हलत होते. निंबाळे हवालदाराचा जबाब. समोरचं दिसत नव्हतं, आम्ही चिंब भिजलो.

मुखेडकर म्हणाले, "साहेब, हवालदार केवळ अधिकृत आकडा..."

"आकडा नंतर मागितला," मी म्हणाले. मला कोणी विचारलेलं नव्हतं. नऊ वर्षांत मी न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. "आधी त्यांनी पाऊस झाला का, असं विचारलं. त्यांच्या बुटांना चिखल होता. म्हणाले, खाली चिखल तर दिसतोय, पण कालचा का परवाचा, कळत नाही. मी वहीतला अठरासमोरचा आकडा दाखवला, आणि त्यांनी तोच लिहून मागितला."

वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज एरवी कोर्टात घुमायचा, असं म्हणतात. त्या दिवशी त्या अगदी हळू बोलल्या.

"साहेब, आदल्या संध्याकाळी सात वाजता हवालदार कड्यावर मुसळधार पावसात चिंब भिजले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सहा किलोमीटर चालून एका अनोळखी बाईला विचारायला गेले, की काल पाऊस पडला का. मला त्यांना पुन्हा पिंजऱ्यात उभं करायची परवानगी द्या. एकच प्रश्न आहे."

निंबाळे हवालदार रुमालाने मान पुसत होता.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. त्याला पुन्हा उभं केलं आणि त्याला उत्तर देता आलं नाही. न्यायाधीशांनी अहवालात लिहिलं, की अठरा तारखेला कड्यावर कोणतीही पोलीस तुकडी गेल्याचं दिसत नाही आणि मृत्यू कोठडीत झाला असावा. गुन्हा नोंदवायला सरकारने दीड वर्ष लावलं. दर तारखेला वकीलबाई उच्च न्यायालयात उभ्या राहून तोच प्रश्न विचारत, "साहेब, सरकारला आज तरी उत्तर आठवलं का?" खटला नऊ वर्षं चालला. तिघांना शिक्षा झाली, दोघे सुटले. सुटलेल्या दोघांविरुद्धचं अपील वकीलबाईंनी स्वतः टाइप केलं होतं. निकाल लागला तेव्हा त्या नव्हत्या. माझी बदली मात्र मेअखेरच झाली. तिथेही पर्जन्यमापक होता.

साक्ष झाली त्या दुपारी आम्ही तिघी कोर्टाबाहेर टायपिस्टच्या टेबलांमागे पायऱ्यांवर बसलो होतो. झिंगाबाईने कार्डाची झेरॉक्स मागितली. अस्सल कार्ड कोर्टाने ठेवून घेतलं होतं. झेरॉक्सवर करपलेली रेघ नुसती काळी आली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ह्ये त्या दिशीचं ऊन?"

"हो."

"ह्ये मी पयल्याच दिशी सांगितलं हुतं. ठान्यात सांगितलं, तहशिलीत सांगितलं. पाऊस न्हवता, कोनी आलं न्हवतं. कुनी लिवूनच घेईना."

मी वकीलबाईंना विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं माझ्याकडे यायचं? जबाबांत पाऊस होता, वहीत पाऊस होता. कोणीही म्हटलं असतं, पाऊस होता."

"मला काय सुचतंय?" त्यांनी शेंगांची पुडी आमच्यापुढे सरकवली. "ही म्हणाली, पाऊस नव्हता. म्हणजे नव्हता. तो नव्हता, हे सरकारला कोणाच्या तोंडून ऐकायला आवडेल, तेवढंच मी शोधत होते."

मला जानेवारीतली सकाळ आठवली. ही बाई रस्त्याच्या कडेला तासभर उकिडवी बसली होती. मी वकीलबाईंना आत घेतलं, रजिस्टर दाखवलं, कार्ड दाखवलं. तिला मी एक प्रश्नही विचारला नव्हता.

"झिंगाबाई," मी म्हणाले, "त्या संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"पालापशी. भाईर चूल मांडली हुती."

"पालापासून कडा किती लांब?"

"हाक मारली का वरच्याला ऐकू जाती, एवढा."

"किती वाजता?"

"दिवस बुडला, तवापास्नं चांगली चांदणी पडंस्तवर."

"वारा होता?"

तिने जरा आठवलं. घाई केली नाही. माझ्या हाताखाली आलेल्या कितीतरी पदवीधरांपेक्षा तिने जास्त काळजीने आठवलं.

"वारा कसला? पानबी हालत न्हवतं. चुलीचा धूर सरळ वर जात हुता. त्येच्याकडंच बगत बसले हुते मी, त्यो कवा येईल म्हनून."

वारा मोजायचं यंत्र नसलं, तर काय पाहून काय लिहायचं, याची एक यादी आम्हाला पाठ असते. त्या यादीतली पहिली ओळ आहे: धूर सरळ वर जातो. त्यापुढे लिहायचं, शांत.

मी पिशवीतून माझी छोटी वही काढली. पेन्सिलला टोक होतं.

"काय लिहिताय?" वकीलबाईंनी विचारलं.

मी लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. "'१८ सप्टेंबर १९९७. घारीच्या कड्याचा पायथा. सूर्यास्तानंतर. पाऊस नाही. आकाश निरभ्र. वारा शांत.'"

मग झिंगाबाईकडे वही फिरवली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तेही वाचलं.

"'निरीक्षक: झिंगाबाई सुकमल काळे.'"